नागपूरची पदवी परदेशात चालवायची तर: कागद कुठून, कसे आणि कोणासाठी

माझ्या ट्रान्सस्क्रिप्टचं पहिलं पाकीट बाबांनी फोडलं. मे महिना, नवतपा चालू. विद्यापीठातून घामाघूम होऊन आणलेलं ते खाकी पाकीट मी टेबलावर ठेवलं आणि तोंड धुवायला गेले. परत येते तर बाबा चष्मा लावून आतला कागद वाचताहेत. ‘तिसऱ्या सेमला मॅथ्समध्ये तुला नेमके किती होते ते पाहून राहिलो होतो,’ म्हणाले. पाकीट त्यांनी सुरीने अगदी निगुतीने कापलं होतं. झाकणाच्या जोडावर बसलेला गोल शिक्का मात्र बरोब्बर मधून चिरला गेला होता. माझा चेहरा बघून म्हणाले, ‘फेव्हिकॉल लावून देतो. त्या कॅनडावाल्यांना काय कळते?’

फेव्हिकॉल चालत नाही. सील फुटलं की ते पाकीट परदेशी संस्था घेत नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा वाट पाहणं. चूक बाबांची कमी, माझी जास्त, कारण त्या पाकिटाचं महत्त्व मी घरात कोणाला सांगितलंच नव्हतं. खरं तर मलाही ते तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. पुढे माझी सिव्हिलची पदवी, मग नर्स असलेल्या वहिनीचे जर्मनीचे कागद आणि त्यानंतर ओळखीपाळखीतल्या बऱ्याच जणांच्या फायली हाताळल्या. त्यातून जे शिकले ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

आधी एकच प्रश्न: कागद कोण मागतंय?

‘माझी डिग्री कॅनडात मान्य आहे का?’ असं लोक विचारतात. या प्रश्नाला उत्तर नाही, कारण ‘मान्यता’ या एका शब्दाखाली तीन वेगळी कामं असतात आणि ती तीन वेगळ्या दारांत होतात.

पहिलं काम समकक्षतेचं. तुमची बी.ई. किंवा बी.कॉम. त्यांच्या कोणत्या पदवीच्या तोडीची आहे, एवढंच एखादी संस्था कागदावर लिहून देते. व्हिसासाठी, इमिग्रेशनसाठी, कधी नोकरी देणाऱ्याच्या समाधानासाठी हा कागद लागतो. दुसरं काम परवान्याचं. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट, वकील, आर्किटेक्ट, शाळेतले शिक्षक या लोकांना तिथल्या कौन्सिलने नोंदणी दिल्याशिवाय कामच करता येत नाही. तिसरं काम शिक्क्यांचं, म्हणजे साक्षांकन किंवा अपोस्टिल. तो शिक्का फक्त एवढंच सांगतो की कागदावरची सही आणि मोहोर खरी आहे. शिक्षण चांगलं की वाईट याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

आपल्याकडे उलटं होतं. घरात परदेशाचा विषय निघाला की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डी बाजारात, जाऊन सगळ्या मार्कशीट अपोस्टिलला देऊन येतं. हजारो रुपये जातात आणि ज्या संस्थेत अर्ज करायचा आहे ती अपोस्टिल मागतच नसते. म्हणून ज्या देशात जायचं, तिथे तुमचा व्यवसाय नियंत्रित आहे का ते आधी बघा. सॉफ्टवेअर, मार्केटिंग, डिझाइन अशा बहुतेक कामांत परवान्याची भानगड नसते. कंपनीला पटलं की झालं. व्यवसाय नियंत्रित असेल तर त्या कौन्सिलच्या वेबसाइटवरची कागदांची यादी छापून काढा आणि भिंतीला लावा. पुढची सगळी धावपळ त्या यादीवरून करायची. मामेभावाच्या मित्राने काय केलं होतं यावरून नाही.

पदवी नेमकी कोणी दिली?

प्रश्न बावळट वाटेल, पण नागपुरात याच्यावरून भलतेच घोळ होतात. परदेशी संस्थेला कॉलेजशी देणंघेणं कमी असतं. पदवी ज्याने दिली त्याच्याकडून कागद हवा असतो. आपण मात्र आयुष्यभर कॉलेजचं नाव सांगत आलेलो असतो.

नागपूर विद्यापीठ १९२३ चं. २००५ मध्ये ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ झालं. त्याआधी पास झालेल्यांच्या पदवीवर एक नाव आणि आज मागवलेल्या ट्रान्सस्क्रिप्टवर दुसरं, अशी स्थिती येते. तिकडे फाइल बघणाऱ्याला तुकडोजी महाराज ठाऊक नसतात. त्याला ही दोन विद्यापीठं वाटतात. ट्रान्सस्क्रिप्ट घेतानाच दोन्ही नावं एकाच विद्यापीठाची असल्याचं पत्र मागून ठेवा. ऑनलाइन डेटाबेसमध्ये शोधतानाही दोन्ही नावांनी शोधा.

अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये वेगळं झालं. गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ २०११ चं. म्हणजे चंद्रपूरच्या एकाच कॉलेजातून शिकलेल्या दोन भावांना, मोठ्याला नागपुरात आणि धाकट्याला गडचिरोलीला जावं लागू शकतं. व्हीएनआयटी (आधीचं व्हीआरसीई) या इंजिनिअरिंग संस्थेला अभिमत दर्जा, म्हणजे स्वतः पदवी द्यायचा अधिकार, २००२ मध्ये मिळाला. जुने व्हीआरसीईवाले नागपूर विद्यापीठाचे पदवीधर. मेडिकल, डेंटल, नर्सिंग, फिजिओ यांचं तर अजून वेगळं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झालं आणि ते नाशिकला आहे. नागपूरच्या मेडिकलला शिकलात तरी त्यानंतरच्या पदवीसाठी संबंध नाशिकशी. जीएनएम डिप्लोमावाल्या नर्सेसचं मंडळ मुंबईला. व्हेटर्नरीवाल्यांनी माफसू, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, २००० चं आहे हे लक्षात ठेवावं. जुन्या पदव्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आहेत. स्थित्यंतराच्या वर्षांतल्या बॅचेसनी कोणाचं ऐकू नये. पदवी प्रमाणपत्र काढावं आणि वर काय छापलंय ते वाचावं.

आणि पदवी प्रमाणपत्र खरोखर काढलंय ना? बरेच जण प्रोव्हिजनलवर दहा वर्षं नोकरी करतात. दीक्षांताचा अर्जच भरलेला नसतो. परदेशी संस्थेला सहसा पक्कं पदवी प्रमाणपत्र लागतं.

नाव: आपल्या पद्धतीचा सगळ्यात मोठा काटा

आपल्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाची चौकट वेगळी आणि नावाची वेगळी. मी पहिला ऑनलाइन अर्ज भरताना मार्कशीट समोर ठेवली आणि शेवटचा शब्द आडनावाच्या चौकटीत टाकला. तिकडून जे पत्र आलं त्यात मला बाबांच्या नावाने हाक मारली होती. ‘प्रिय श्रीमती विजय.’ घरात दोन दिवस हसणं चाललं. नंतर ते दुरुस्त करायला महिना गेला. त्यामुळे पहिला नियम: पासपोर्ट समोर ठेवून अर्ज भरा, मार्कशीट नको.

लग्न झालेल्या बायकांचं प्रकरण याहून अवघड. इतर बऱ्याच प्रांतांत आडनाव तेवढं बदलतं. आपल्याकडे मधलं नावही बदलतं. समजा माहेरी ‘शुभांगी विजय गावंडे’ आणि सासरी ‘शुभांगी अमित काळे’. तीनपैकी दोन शब्द बदलले. तिकडच्या कारकुनाच्या दृष्टीने ही दुसरीच बाई. काही ठिकाणी तर सासरी पहिलं नावही बदललेलं असतं, मग बोलायलाच नको. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र हवंच, आणि ते मराठीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर हवं. शिवाय दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि कायदेशीर नावबदल केला असेल तर राजपत्रातलं पान. अजून लग्न व्हायचं असेल आणि बाहेर जायचा विचार पक्का असेल तर पासपोर्टवर माहेरचंच नाव राहू द्या. सासूबाईंना समजावणं एक वेळ सोपं, कौन्सिलला समजावणं कठीण. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे अशी सक्ती नाही.

स्पेलिंगचंही तेच. दहावीच्या मार्कशीटवर ‘वाय’ आणि पदवीवर ‘आय’ असेल तर विद्यापीठातून दुरुस्ती करून घ्या. ते काम इथे असताना होतं. टोरंटोच्या बर्फात बसून फोनवर होत नाही.

ट्रान्सस्क्रिप्ट काढण्याचा दिवस

ट्रान्सस्क्रिप्ट म्हणजे सगळ्या सेमिस्टरचे विषय आणि गुण एकत्र मांडून विद्यापीठाने सही-शिक्क्यानिशी दिलेला कागद. मार्कशीटच्या ट्रू कॉपी आणि ट्रान्सस्क्रिप्ट या वेगळ्या वस्तू आहेत. यादीत कोणती लिहिली आहे ते बघा.

जाताना सगळ्या मार्कशीटच्या मूळ प्रती, झेरॉक्सचे तीन संच, पदवी, पासपोर्टची झेरॉक्स आणि ओळखपत्र घेऊन जा. एटीकेटी लागलेल्यांनी नापास झालेल्या प्रयत्नाचीही मार्कशीट घ्यावी. ती लाज वाटून घरी ठेवू नये. ज्या सेमिस्टरला एक विषय राहिला होता त्याची पहिली मार्कशीट दिली नाही तर बाकीच्या विषयांचे गुण दिसतच नाहीत, आणि तिकडे तो ‘अपूर्ण रेकॉर्ड’ ठरतो. माझा एक वर्गमित्र याच कारणाने अडकला. चौथ्या सेमची ती मार्कशीट त्याने रागाने फाडून टाकली होती. मग डुप्लिकेट काढण्यापासून सुरुवात.

समकक्षता संस्थेत आधी ऑनलाइन खातं उघडा, मग विद्यापीठात जा. ‘वेस’ (वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस) यासारखी संस्था तुम्हाला रेफरन्स नंबर देते, तो विद्यापीठाच्या फॉर्मवर आणि पाकिटावर लागतो. नंबर नसलेलं पाकीट तिकडे पोहोचतं, पण कोणाच्या फाइलला लावायचं ते त्यांना कळत नाही. कागद विद्यापीठाने थेट पाठवायचा, ईमेलने पाठवायचा की सीलबंद पाकीट तुमच्या हाती देऊन चालतं, हे प्रत्येक संस्थेचं वेगळं असतं. हाती मिळालं तर काउंटरवरच बघून घ्या: झाकण चिकटवलेलं आहे का, आणि शिक्का व सही झाकणाच्या जोडावरून गेली आहे का. एक नको, तीन-चार संच काढा. एका खेपेत काढलेले जास्तीचे संच पुढे कामी येतातच.

नर्सिंग, फार्मसी, फिजिओ आणि काही वेळा इंजिनिअरिंगवाल्यांना सिलॅबसही लागतो, तोही तुम्ही शिकलात त्या वर्षाचा. कोणत्या विषयाला थिअरीचे किती तास, प्रॅक्टिकलचे किती, वॉर्डमध्ये किती, हे कॉलेजच्या लेटरहेडवर. दहा वर्षांपूर्वीचा अभ्यासक्रम शोधायला कॉलेजच्या लायब्ररीतले जुने कर्मचारी फार उपयोगी पडतात. त्यांना भेटायला सुट्टीच्या दिवसांत जाऊ नका.

आणि एक हात जोडून विनंती: मूळ कागद लॅमिनेट करू नका. आमच्या आईने मायेपोटी माझी पदवी लॅमिनेट करून फ्रेम केली. लॅमिनेशनवर शिक्का बसत नाही, स्टिकर टिकत नाही. ते सोलताना कागद फाटतो.

देशागणिक काय बदलतं

कॅनडाच्या इमिग्रेशनसाठी लागणाऱ्या समकक्षता अहवालाला सगळे ‘ईसीए’ म्हणतात. ‘वेस’ त्यातली एक संस्था, शिवाय सरकारने नेमलेल्या आणखीही आहेत. डॉक्टर आणि फार्मासिस्टना मात्र त्यांच्याच व्यवसायाच्या संस्थेकडून तो घ्यावा लागतो. अहवाल पाच वर्षं चालतो. इथे इंजिनिअर लोक हमखास फसतात. ईसीए आला, पीआर (कायम राहण्याचा परवाना) झालं, म्हणजे आपण तिथे इंजिनिअर झालो, असं त्यांना वाटतं. ‘इंजिनिअर’ हे बिरुद तिथे कायद्याने राखीव आहे आणि परवाना प्रांताचा असतो. ओंटारियोचा वेगळा, अल्बर्टाचा वेगळा. ओंटारियोने परवान्यासाठी कॅनडातल्याच अनुभवाची अट २०२३ मध्ये काढून टाकली, हे आपल्यासाठी बरं झालं. परवाना नसला तरी परवानाधारक इंजिनिअरच्या हाताखाली काम करता येतं. मी पहिली दोन वर्षं तेच केलं.

जर्मनीचं काम पद्धतशीर. अनाबिन नावाचा सरकारी डेटाबेस फुकट बघता येतो. त्यात आधी विद्यापीठ शोधायचं. नावापुढे ‘एच प्लस’ असेल तर विद्यापीठ मान्य. मग तुमची पदवी वेगळी शोधायची. दोन्ही सापडली तर ती पानं छापून व्हिसाच्या फाइलला लावतात. पदवी सापडली नाही तर झेडएबी या कार्यालयाकडून समकक्षतेचं प्रमाणपत्र घ्यायचं. फी साधारण दोनशे युरोच्या घरात. इंजिनिअरला नोकरी करायला तिथे सहसा परवाना लागत नाही, पण ‘इंजेनिअर’ हे बिरुद कार्डावर छापायचं तर राज्याच्या इंजिनिअर मंडळाची परवानगी लागते.

नर्सेसना जर्मनीत मान्यता घ्यावीच लागते आणि ती देतं त्या राज्याचं कार्यालय. वहिनीच्या हाती त्यांचं उत्तर आलं त्या संध्याकाळी ती ओट्याला टेकून रडत होती. पत्रात ‘डेफिझिट’ शब्द होता आणि तिला वाटलं, संपलं. ते नकाराचं पत्र नव्हतं. त्यांच्या अभ्यासक्रमाच्या तुलनेत आपल्या प्रशिक्षणात काय कमी पडलं याची यादी होती, आणि पुढे दोन वाटा दिल्या होत्या: तिथे हॉस्पिटलमध्ये काही महिन्यांचं पूरक प्रशिक्षण, किंवा ज्ञानाची परीक्षा. भारतातून जाणाऱ्या बहुतेक नर्सेसना असंच पत्र येतं आणि ते हाती असलं की त्या प्रशिक्षणासाठी व्हिसा मिळू शकतो. वहिनीने प्रशिक्षण निवडलं. ती म्हणायची, पेपर लिहिण्यापेक्षा पेशंट उचलणं बरं. खरा अडथळा भाषेचा. बी-टू पातळीची जर्मन लागते आणि नाइट ड्युटी करून ती शिकायला वहिनीला दीड वर्ष लागलं. ती पहाटे घरी आली की स्वयंपाकघरात मोबाइलवर ‘देअर, दी, दास’ सुरू व्हायचं. डॉक्टरांना तर वैद्यकीय भाषेची परीक्षा त्याहून वरच्या सी-वन पातळीची.

ऑस्ट्रेलियासाठी इंजिनिअर लोकांनी वॉशिंग्टन अ‍ॅकॉर्डचं नाव लक्षात ठेवावं. सदस्य देशांनी एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मानायचा हा करार. भारत २०१४ पासून त्याचा पूर्ण सदस्य आहे. म्हणून आपली प्रत्येक बी.ई. आपोआप चालते असं मात्र नाही. तुमच्या शाखेला, तुमच्या वर्षी, एनबीए या अभ्यासक्रम तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची ‘टिअर वन’ मान्यता असायला हवी आणि ती अभिमत किंवा स्वायत्त संस्थांना मिळते. साध्या संलग्न कॉलेजच्या ‘टिअर टू’वर ही सवलत नाही. मग स्वतःच्या कामाचे तीन सविस्तर वृत्तांत लिहावे लागतात. ते विकत घेऊ नका. चोरीचा मजकूर पकडायची तिथल्या तपासणाऱ्या संस्थेची यंत्रणा चोख आहे.

आखातात आरोग्य क्षेत्रातल्या लोकांचा अनुभव ‘डेटाफ्लो’ या नावाशी येतो. ही कंपनी तुमच्या विद्यापीठाला, कौन्सिलला आणि जुन्या हॉस्पिटलला स्वतः विचारून खातरजमा करते. इथे गाडी अडते ती जुन्या हॉस्पिटलच्या एचआरने ईमेलला उत्तर न दिल्यामुळे. अर्ज करण्याआधी तिथे जाऊन, चहा पिऊन, ‘असा ईमेल येईल, उत्तर द्या’ एवढं सांगून या. ब्रिटनला नर्सेसची संगणकावरची परीक्षा इथे देता येते, प्रात्यक्षिक मात्र तिथे जाऊनच. अमेरिका हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. डॉक्टरांनी ईसीएफएमजी आणि नर्सेसनी सीजीएफएनएस (आता नाव ट्रूमेरिट) या कागद तपासणाऱ्या संस्थांपासून सुरुवात करावी.

सगळ्या आरोग्यवाल्यांनी महाराष्ट्रातल्या आपापल्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू ठेवावं. रिन्यूअल चुकलं तर ‘गुड स्टँडिंग’चं, म्हणजे नोंदणी चालू आणि निर्दोष असल्याचं, प्रमाणपत्र मिळत नाही आणि तिकडची फाइल पुढे सरकत नाही.

शिक्के, लागले तरच

भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. शैक्षणिक कागदावर आधी राज्य शासनाचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, असा क्रम. मंत्रालयाची स्वतःची अपोस्टिल फी एका कागदाला ५० रुपये आहे. बाकी जे बिल दिसतं ते सेवाशुल्क आणि मधल्या माणसाचं. सौदी अरेबिया २०२२ मध्ये आणि कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये या करारात आले, त्यामुळे त्यांच्यासाठी दूतावासाचे जुने हेलपाटे सांगणारा एजंट जुन्या जमान्यातला समजा. संयुक्त अरब अमिरातीसाठी मात्र मंत्रालयानंतर त्यांच्या दूतावासाचा शिक्का अजून लागतो. जर्मनीने तर या करारातल्या भारताच्या प्रवेशालाच हरकत घेतली होती, म्हणून तिथल्यासाठी अपोस्टिल करण्यापूर्वी ते हवं आहे असं समोरच्या कार्यालयाकडून लेखी घ्या.

एजंटबद्दल एवढंच: कागद पोहोचवायला, रांगेत उभं राहायला माणूस ठेवा, हरकत नाही. ‘मान्यता गॅरंटीड’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, आणि मूळ पदवी पावतीशिवाय कोणाच्या हाती सोपवू नका. परदेशी नोकरीच देतो म्हणणारा भरती एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो. ई-मायग्रेट वेबसाइटवर नाव बघता येतं.

निघण्याआधी नागपुरात काय ठेवायचं

इथे मागे राहणाऱ्या एका माणसाच्या नावे प्राधिकारपत्र करून ठेवा: ‘माझ्या वतीने अर्ज करण्यास व कागद स्वीकारण्यास’ आणि खाली त्याच्या ओळखपत्राचा नंबर. कोऱ्या कागदावर सह्या करून ठेवू नका. तुमचा परीक्षा क्रमांक, एनरोलमेंट नंबर आणि पास झाल्याचा हंगाम, म्हणजे उन्हाळी की हिवाळी, एका चिठ्ठीवर लिहून त्याच्याकडे द्या. काउंटरवर पहिलं तेच विचारतात. सगळ्या कागदांचे रंगीत स्कॅन ईमेलवर ठेवा. मूळ कागद प्रवासात हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही.

माझे उरलेले दोन सीलबंद संच अजून घरच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत. पिशवीवर मी लाल मार्करने लिहिलंय: ‘बाबा, मॅथ्समध्ये ६२ होते. फोडू नका.’